चहाबरोबर घेतलेली गोळी

लेहच्या अर्धमॅरेथॉनला नाव नोंदवलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. मलकापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सकाळी धावायचं आणि नऊला मशीनवर बसायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. जिमच्या ट्रेनरनं बिटाच्या पावडरीचा डबा हातात दिला. "ताई, वर हवा विरळ. हे घ्या, ऑक्सिजन कमी पडला तरी पाय चालतील."

ती मातकट भुकटी मी तीन महिने पाण्यात ढवळून प्यायले. सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी लघवी लाल झाली, तर घाबरून अम्मीला हाक मारली. पण रविवारी जिमच्या पोरींबरोबर गाडीनं जाऊन पसरणी घाट पळत चढताना दम लागायचा तो लागायचाच. मागच्या पोरी पुढं निघून जायच्या आणि माझ्या कानांत ठोके वाजत राहायचे. ट्रेनर म्हणायचा, "एकाचे दोन चमचे करा."

शेवटी सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "अंगात लोहच कमी आहे. उंचावर शरीराला जास्त रक्त तयार करावं लागतं, त्याला लोह लागतं. बिटाची पावडर ती कमतरता कशी भरून काढणार? आधी तपासलं नाही कुणी?"

कुणीच नाही. मलाही सुचलं नव्हतं, याचा जास्त राग आला.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सव्वा महिन्यानं पुन्हा रक्त दिलं, तर आकडा जवळपास तिथंच.

"गोळी कशाबरोबर घेता?" बाईंनी विचारलं.

"सकाळच्या चहाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चहानं लोह अंगाला लागत नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं."

मी चिठ्ठी पुढं केली. इंग्रजीतली ती वळवळ मला वाचता येत नव्हती, आणि केमिस्टनंही सांगितलं नव्हतं. बाई थोड्या वरमल्या. "यंदा जाऊ नका. गेलात तर चक्कर आल्याबरोबर थांबा."

घरी सांगितलं तर अम्मीचा चेहरा पडला. रोज गोळी आणि कप तीच आणून द्यायची. "मला काय ठावं गं," एवढंच म्हणाली.

तरी हट्टानं लेहला गेले. चार दिवस हवेची सवय करून घेतली. शर्यतीत सुरुवातीला सावकाश पळाले, मग चालले, मग दर विजेच्या खांबाशी थांबू लागले. चौदाव्या किलोमीटरला चक्कर आली. थांबलेल्यांना उचलत मागून येणाऱ्या शर्यतीच्या गाडीला मीच हात केला.

परत आले तेव्हा अम्मी ताट वाढत होती. "किती पळालीस?"

"चौदा."

"लय झालं की! ह्या वयात कोण पळतंय एवढं?"

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. तरी मी तिच्यावरच ओरडले, ताटावरून उठले आणि दुकानात जाऊन बसले. थोड्या वेळानं ती ताट घेऊन तिथंच आली.