उजव्या चाकाची पाचर

कुंभकोणमच्या तुकोजीला ओळखायचं तर देवळाच्या रथाच्या दिवशी. एरवी तो पितळी भांड्यांच्या दुकानात तराजूशी बसणारा साधा माणूस. रथ निघाला की मात्र उजव्या चाकापाशी लाकडी पाचर घेऊन वाकलेला. दोर कितीही जण ओढोत, रथ थांबणार तो तुकोजीच्या पाचरीनेच. पूर्वज तंजावरच्या दरबारात कोण होते कुणास ठाऊक. घराण्याला मान उरला तो हा एवढाच.

गेल्या वर्षी त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. आतडं कापून शौचाची वाट पोटावर काढली, तिला पिशवी लावली. यंदा यकृतातही गाठी दिसल्या. डॉक्टर नित्याने समजावलं, "एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला थांबवून तपासणारी प्रथिनं असतात. तुमच्या गाठीत त्यातलं पी-५३ बिघडलंय. मग पेशी वाढत सुटल्या, यकृतापर्यंत गेल्या."

"म्हणजे पाचरवालाच पळाला," तुकोजी म्हणाला. नित्या याच गावची. तिने मान डोलावली. तुकोजीला मरणाची भीती वाटली नाही, त्या पळपुट्याचा संताप आला.

रथाच्या आदल्या दिवशी रथाच्या कामावर माणसं नेमणारा कृष्णमूर्ति दारात आला. "यंदा राहू दे, तुकोजी. पोटावर ती पिशवी... देवाचं काम आहे."

"तुझ्या पोटात आहे तेच माझ्या पोटावर आहे," तुकोजी उसळला. "तू मात्र रथापुढे मिरवणार!"

कृष्णमूर्ति निघून गेला. तुकोजीची बायको गायत्री रडकुंडीला आली. "कां हट्ट करतां? वाकलांत आणि पिशवी सुटली तर? चारचौघांत?"

"सुटो. धुवून घेतों. घरीं निजून राहणं मला नको."

सकाळी तिनेच जुन्या लुगड्याची मऊ पट्टी पिशवीवरून गुंडाळून दिली.

उजव्या चाकापाशी कृष्णमूर्तीने तुकोजीच्या जागी रंगा नावाच्या तरुणाला उभं केलं होतं. तुकोजीने हात पुढे केला. रंगाने एकदा कृष्णमूर्तीकडे पाहिलं आणि पाचर तुकोजीला दिली.

वळणावर तुकोजी वाकला. पोटात कळ आली. त्याने दात आवळून पाचर सरकवली, चाक करकरत तिच्यावर चढलं आणि रथ जागच्या जागी थांबला. ढोल वाजले, दोर ताणले गेले, तरी तुकोजी पाचर काढेना. उन्हात घामाघूम झालेला कृष्णमूर्ति धावत आला.

"अरे, काढ ना!"

"आधी सांग, हे काम कुणाचं?"

गर्दी ऐकत होती. कृष्णमूर्तीने हात जोडले. "तुझंच, बाबा. पुढच्या वर्षीही तूच ये."

"येणार," म्हणत तुकोजीने पाचर उपसली.