हाताला न बसलेला पट्टा

बीपी मशीनचा पट्टा तिसऱ्यांदा फटकन सुटला, तशा तपासणीच्या रांगेतल्या बायका हसल्या. सुलोचनाबाई हसली नाही. तिने दंडावर पदर ओढला.

"काऊन वो ताई, माह्या हातापुरता पट्टा सरकारनं बनवलाच नाही का?"

मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडजवळच्या एका गावात आशा आहे. म्हणजे घरोघरी फिरून दवाखान्याचं काम करणारी गावातलीच बाई. तिशीवरच्या प्रत्येक बाईची माहिती आम्ही मोबाईलवर भरतो. तंबाखू, घरात कुणाला शुगर, कंबरेचा घेर, बीपी.

सुलोचनाबाई बेचाळीसची. हायवेवरच्या ढाब्यावर दिवसभर उभी राहून पोळ्या करायची. दुसऱ्या पोरीनंतर ऑपरेशन झालं आणि तिचं अंग सुटत गेलं. गाव म्हणायचं, खाऊन खाऊन फुगली. मी तिचं ताट पाहिलं होतं. रेशनचा भात आणि चटणी. डाळ शिजली तर ती पोरींना.

जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा येतो. साधा पट्टा ओढूनताणून बसवला तर आकडा चुकतो. मोठा मी दोनदा मागितला होता. "मागणी वर पाठवली आहे," एवढंच उत्तर. पोषणाच्या मीटिंगमध्ये विचारलं होतं, "रोड बायकांसाठी आहाराचं पाकीट आहे. जाड बायकांसाठी काय?" साहेब म्हणाले, "कमी खायला सांगा." सगळे हसले. मीही हसले.

बीपीचा आकडा टाकल्याशिवाय ॲप पुढे जाईना. मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पट्टा बसून नाही राहिला. हिला तालुक्याला पाठवू का? डोकं दुखते म्हणते."

"आज गाव शंभर टक्के दाखवायचं आहे. एकशेवीस-ऐंशी टाक आणि पुढची घे."

"पण मॅडम..."

"अगं, तिचं नंतर पाहू ना!"

मी टाकलं.

"किती निघाला वो?" सुलोचनाबाईने विचारलं.

"नॉर्मल आहे."

तिचा चेहरा खुलला. "मंग डोकं उन्हानंच दुखत असन," म्हणाली आणि कामावर गेली.

तीन आठवड्यांनी ती ढाब्यावर तव्यासमोर कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गोंदियाला डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "बीपी कधी तपासलं नव्हतं?"

"तपासला होता जी. आशाताईनं सांगतलं, नॉर्मल आहे."

मी त्याच्या बाजूलाच उभी होते.

नोंद दुरुस्त करा म्हणून मी अर्ज दिला. जुनी नोंद उघडत नाही, असं वरून कळवलं. त्याच महिन्यात मीटिंगमध्ये शंभर टक्के तपासणीसाठी आमच्या गावाचं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या.

शेवटी तिच्या घरी जाऊन नवऱ्याला खरं सांगितलं. थोरली पोरगी शाळा सोडून आईला भरवत होती. त्याने खाटेवरच्या बायकोकडे पाहिलं.

"मंग तव्हाच काऊन नाही सांगतलं?"



नव्या आशांना मी एकच सांगते. मोजता आलं नाही, तर बाईच्या तोंडावर तसं सांगा. ती चिडेल, पण दुसरीकडे जाऊन तपासून घेईल. 'नॉर्मल' ऐकल्यावर कुणी कुठे जात नाही.