शेपटीखालचा मोर

बाबांचा हात इतका सरळ, की पनवेलला ब्रश टेकवून रेघ ओढली असती तर ती न्हावा शेव्याला समुद्रात जाऊनच थांबली असती. कळंबोलीतल्या ट्रकांचे नंबर रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

एका शेठचे सगळे ट्रक बाबांनीच रंगवलेले. त्याने एका इंजिनाचं छोटं विमान परदेशातून आणलं, तेव्हा त्यावर नोंदणीची अक्षरं काढायला मुंबईच्या हँगरमध्ये बाबांनाच नेलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. कागदावरची पाच अक्षरं त्यांनी चित्रासारखी उतरवली, आणि ट्रकाच्या सवयीने प्रत्येकाला लाल सावली देऊन भोवती वेलबुट्टी काढली. तपासायला आलेला साहेब म्हणाला, अक्षरं साधी हवीत, नक्षी चालायची नाही. बाबांनी सगळं खरवडून पुन्हा काढलं. फक्त शेपटीखाली, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा, नखाएवढा मोर ठेवला. मोर काढल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, हा त्यांचा नेम.

ते विमान इंजिनावर नाही, बाबांच्या मोरावर उडतं, असं मी आमच्या बेलपाडा गावात शपथेवर सांगत फिरलो. बेलपाड्यानेही ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. नाकात ऑक्सिजनची नळी. नव्या विमानतळाचं एखादं विमान खिडकीवरून गेलं, की विचारायचे, "आपलं हाय का बघ." त्यांना एवढंच हवं होतं, ते अजून उडतंय का.

मी शोधायला लागलो. शेठ केव्हाच गेलेला. त्याचा म्हातारा ड्रायव्हर भेटला. त्याने सांगितलं, विमान आधी उडवायला शिकवणाऱ्यांकडे गेलं, मग कुणा हौशी माणसाकडे, मग नुसतंच उभं राहिलं. शेवटी नोंदणी रद्द झाली आणि भंगारात निघालं. भंगार कुठलं, तर आमच्याच कळंबोलीतलं. बाबांच्या खाटेपासून रिक्षाने वीस मिनिटं.

तिथं गेलो, तर पंख कापलेले होते. अक्षरांवर पांढरा रंग फासलेला. मी शेपटीखाली वाकलो. मोर होता.

घरी येऊन म्हणालो, "उडतंय, बाबा."

"कुठं?"

"नाशिककडे. बरं आहे म्हणे."

त्यांनी नाकातली नळी जरा सरकवली. मग म्हणाले, "तू सांगतोस तवा बोंबील देवमाशाएवढा असतो. आज एवढंसंच बोललास. तोडलं ना त्याला?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मोर?"

"मोर आहे. हे खरं सांगतोय."

"ठाव हाय," म्हणाले आणि डोळे मिटले.

तेवढ्यात एक विमान खिडकीवरून गेलं. बाबांनी विचारलं नाही. पुढच्या अकरा दिवसांत, म्हणजे शेवटपर्यंत, एकदाही विचारलं नाही.