रिठ्याचे फुगे

आमच्या घरात आत्याचा शब्द म्हणजे निजामाचं फर्मान. फर्मानातून पळवाट काढून देणारे वकील तरी शहरात पुष्कळ होते. आत्याच्या शब्दातून कुणालाच वाट नव्हती. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. सणवार, पथ्यपाणी, आजारपणातले नियम, सगळं तिच्या ताब्यात. मी नऊ-दहा वर्षांची, हट्टी आणि तोंडाळ. आमचं दोघींचं रोज एकदा तरी वाजायचं, आणि वाजल्याशिवाय दोघींनाही करमायचं नाही.

एका चैत्रात माझ्या चार वर्षांच्या धाकट्या भावाला गोवर निघाला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला आणि आत्यानं हुकूम काढले. फोडणी बंद, दाढी बंद, परक्या माणसाचं येणं बंद, आणि घरात साबण अजिबात नाही. "देवी पाहुणी आलीय. तिला साबणाचा वास सोसत नाय," ती म्हणाली. वडील दाढीचे खुंट वाढवून कचेरीत जाऊ लागले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. दाराला डहाळा लागला की काय समजायचं ते आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमान सगळ्यांनाच समजायचं.

पुरळ अंगभर उमटलं तसं धाकट्यानं तोंड मिटून घेतलं. पेज नको, ताक नको, पाणीसुद्धा जेमतेम ओठ ओले होण्यापुरतं. वडिलांनी युनानी दवाखान्यातल्या हकिमांना विचारलं. ते म्हणाले, गोवराचं एवढं भय नाही, पण पोटात पाणी गेलं नाही तर मात्र पोर हाती लागायचं नाही. आई वाटी घेऊन उशाशी बसून असायची. ओठाला चमचा टेकला की तो मान फिरवायचा. एरवी माझ्या वेण्या ओढणारं ते पोर नुसतं भिंतीकडे बघत पडलेलं पाहून मला फार भीती वाटली.

मी उंबऱ्यावर बसून त्याला विचारत राहिले, तुला काय हवं, काय आणू. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "फुगे."

फुगे म्हणजे साबणाचे. वडिलांच्या साबणवडीचे झिजलेले तुकडे पळवायचे, पाण्यात कालवायचे, पपईच्या पानाची पोकळ दांडी बुडवून फुंकायची, हा आमचा दोघांचा नेहमीचा उद्योग. मी धावत आत्याकडे गेले.

"साबण? ह्या घरात? अक्कल हाय का नाय तुला?"

"त्यानं मागितलंय. दुसरं काही मागतच नाही तो."

"देवी गेल्यावर पायजे तेवढे उडव."

मग मी परसातल्या कुंपणाकडे वळले. तिथं मोगली एरंड माजला होता. त्याच्या देठातून चीक येतो. गवताच्या काडीचं कडं करून त्यात बुडवलं की छान फुगा होतो. मी चीक वाटीत धरून आत शिरते तोच आत्यानं ती वाटी हिसकावली. "इखारी झाड हाय ते! पोराच्या डोळ्यात गेलं म्हंजे?" तिचं बरोबर होतं, आणि ते मला कळत होतं म्हणून राग आणखीच आला.

रागारागात मी फडताळ उघडलं आणि डोकं धुवायच्या रिठ्यांचा डबा दिसला.

"रिठा चालतो का देवीला?" मी विचारलं.

आत्यानं डब्यातला एक रिठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. या प्रश्नाला तिच्याजवळ तयार नियम नव्हता. शेवटी म्हणाली, "रिठा झाडाचा. साबण नव्हं तो. पण त्याच्या अंगाला लावायचा नाय."

मी रिठे फोडले, गरम पाण्यात भिजवून कुस्करले, फडक्यानं गाळले. फेस असा आला की पातेलं उतू जाईल. पण फुगा दांडीच्या टोकालाच फुटायचा. साखर घातली, तर फुगा टिकला नाही आणि मुंग्या तेवढ्या जमल्या. धाकट्यानं नाकारलेली पेज ओतली, तर फुगा दांडीबाहेरच येईना. आत्या मागं उभी राहून बघत होती.

"व्हय गं सुगरणी, आता फोडणी दे त्याला."

मी पातेलं घेऊन परसात गेले आणि रडले. शेजारच्या मुसलमान घरातल्या खालांनी भिंतीपलीकडून विचारलं, "क्या होना बेटी?" मी हुंदके देत सांगितलं, फुगा टिकत नाही, पाणी चिकट व्हायला हवं. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती, लाडवांसाठी घरात डिंक होता. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "गोंद दिवार पे रख दी मैं, ले लेव." आणि तान्ह्या नातवाच्या काळजीनं त्या लगेच आत निघून गेल्या.

डिंक रात्रभर भिजला. सकाळी मी तो रिठ्याच्या पाण्यात घालून हलक्या हातानं ढवळला आणि धाकट्याच्या खोलीत जाऊन दांडी फुंकली. फुगा सुटला. मोठा, जडसा, सावकाश. खिडकीच्या फटीतून ऊन येत होतं, त्यातून तो गेला आणि छताकडे न जाता खाली धाकट्याकडे आला. धाकट्यानं भिंतीकडची मान वळवली. किती दिवसांनी त्याचा चेहरा नीट दिसला! मी दुसरा सोडला. तो त्याच्या नाकासमोर आला आणि बत्तासा झेलावा तसा त्यानं आ वासला. फुगा त्याच्या जिभेवरच फुटला.

रिठा किती कडू असतो ते चाखणाऱ्यालाच ठाऊक. त्याचं तोंड असं वाकडं झालं की मी दांडी टाकून उठलेच.

"थू! पाणी! आई, पाणी दे!"

घाईघाईत आईच्या हातून अर्धं पाणी अंथरुणावर सांडलं. उरलेलं तो घटाघटा प्यायला.

आत्या दारात उभी होती. रिठा अंगालाही लागू द्यायचा नव्हता, इथं तो थेट तोंडात गेला होता. मी मान खाली घालून बोलणी खायला तयार झाले. ती आत आली, आईच्या हातातली वाटी घेऊन पुन्हा भरली, पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या उशाशी फतकल मारून बसली.

"बघत काय बसलीस?" ती मला म्हणाली. "सोड की दुसरा. त्याच्या तोंडावरच सोड."