मशीन बंद

“कुठं जात नाही मी. त्या काचेमागंच हाओ.”

एक्स-रे काढण्याआधी ती प्रत्येक पेशंटला हे सांगायची. मग कंट्रोलच्या खोलीत जाऊन शिशाच्या काचेला नाक टेकेल इतकी जवळ उभी राहायची, टेबलावरच्या माणसाला आपण दिसावं म्हणून. मी तिला हे शिकवलं नव्हतं. मी स्वतः इतकी वर्षं बटण दाबताना पेशंटकडे धड पाहिलेलंही नाही.

मी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खाजगी कॉलेजात रेडिओग्राफी शिकवतो. सकाळी वर्गात हाडं, किरणं, अंतरं. दुपारी मुलांना घेऊन रुग्णालयात प्रॅक्टिकल. ती माझी विद्यार्थिनी, दारव्ह्याच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरून काळीपिवळी जीपने यायची. घरून दोन वर्षांची मुदत मिळाली होती. पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न. हे तिनेच पहिल्या आठवड्यात मला सांगितलं, उद्या गाडी उशिरा येईल असं सांगावं इतक्या सहज.

मनगटातल्या आठ हाडांची नावं ती गाडीत मोठ्याने पाठ करी. एकदा मी त्याच गाडीत पुढे बसलो होतो. ड्रायव्हरने मला विचारलं, “सर, स्कॅफॉइडनंतर लुनेटच येते ना? पोरगी आज उलटं सांगून राह्यली.”

मागून ती म्हणाली, “काका, तुमी रस्ता पाहा. परीक्षा माही हाये.”

तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया रुग्णालयात आल्या की मशीन पाहून बिचकत. ती त्यांना “याडी” म्हणजे आई म्हणून हाक मारी, त्यांच्या गोर बोलीत काहीतरी हळू सांगे, आणि त्या निमूट आडव्या होत. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. काम हातात घेतलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. अशा माणसांचं पुढे काय होतं, हेही तुम्ही पाहिलं असेल.

आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याची केसवही असते. छाती, हात-पाय, मणका, डोकं, प्रत्येकाचे ठरलेले एक्स-रे स्वतः काढायचे, तारखेसह लिहायचे, खाली माझी सही. वही पूर्ण असेल तरच परीक्षेचा फॉर्म जातो.

दुसऱ्या वर्षी रुग्णालयाचं मोठं मशीन बिघडलं आणि कित्येक महिने तसंच राहिलं. चाकांवरच्या छोट्या मशीनवर हात-पाय आणि छाती एवढंच निघे. अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडे ठरलेलं आहे. जुनी रजिस्टरं काढायची, एकाने पेशंटची नावं वाचायची, बाकीच्यांनी तारखा बदलून लिहायची. मी विद्यार्थी असताना माझीही वही अशीच भरली होती. त्या दुपारी एकाच आजोबांचं डोकं अकरा जणांनी काढलं.

तीही बाकावर मान खाली घालून लिहीत होती. मला हायसं वाटलं. वही सहीला आली तेव्हा मी पाहिलं. रोजची तारीख, सुवाच्य अक्षर, आणि पुढे दोनच शब्द: मशीन बंद. पानामागून पान तेच.

प्राचार्य म्हणाले, “तपासणीवाल्यांनी हे पाहिलं तर कॉलेजच बंद होईल. तिला नवी वही लिहायला लावा, नाहीतर तिचा फॉर्म पाठवू नका.”

मी तिला वर्गातच पुढे बोलावलं. कोरी वही पुढे सरकवली.

“दोन दिवसांत भरून दे.”

“कायच्यानं भरू जी?”

“सगळे भरतात त्यानेच.”

“सर, डोक्याचा फोटू मी एकबी नाही काढला. उद्या कोणी डोकं फुटलेला आणला तं त्याले काय वही दाखवू?”

मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, “लिही ना वं, हरिश्चंद्राची पोरगी.” सगळे हसले. मीही हसलो.

ती हसली नाही. “मशीन सुरू झालं की मी रोज थांबीन. पर माहा फॉर्म थांबवू नोका, सर. घरचे पुढच्या वर्षी नाही पाठवणार.”

माझी नोकरी कंत्राटी होती. त्या आठवड्यात मी अकरा खोट्या वह्यांवर सह्या केल्या, आणि जी एक वही खरी होती तिच्यावर लाल पेनाने ‘अपूर्ण’ लिहिलं.

तिने ते वाचलं. “बराबर हाये, सर,” ती म्हणाली. “अपूर्णच हाये.”

परीक्षेनंतर महिनाभरात मशीन दुरुस्त झालं. तिच्या तांड्यावर जायला मात्र मला त्यापुढे वर्ष लागलं. घरी तिचे वडील होते. तिचं लग्न होऊन गेलं होतं, महागावच्याही पुढे दिलं होतं. मी म्हणालो, मशीन सुरू आहे, ती अजूनही परीक्षेला बसू शकेल.

“आता थे लोक नाही पाठवत, सर.” त्यांनी मला पाणी दिलं. माझा चेहरा पाहून म्हणाले, “तुमी मनाले लावून घेऊ नोका. मले तुमचा लय राग आलता. पर पोरगी एक शब्द आयकून घेत नव्हती. म्हणे, माहे सर खोट्यावर सही नाही करत.”

त्या अकरा सह्या माझ्या ओठांपर्यंत आल्या होत्या. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ते आत जाऊन एक मोठं पाकीट घेऊन आले.

“आलेच हा तं हा माहा फोटू पाहा. खोकला जाऊन नाही राह्यला.”

पाकिटावर तालुक्यातल्या एका लॅबचं नाव होतं. तिथे कोण कामाला आहे ते मला ठाऊक होतं. त्या दुपारी रजिस्टरातली नावं मोठ्याने वाचणारा मुलगा. मी फिल्म वर धरली. खांदे तिरपे, फुप्फुसांचा खालचा भाग फिल्मबाहेर राहिलेला. कुठल्याही डॉक्टरला त्यातून काही कळलं नसतं.

“काय दिसते जी?”

“पुन्हा काढावा लागेल.”

“काहून? मी तं हाललोबी नाही.”

त्यांनी फिल्म माझ्या हातून घेतली, दाराच्या उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक करून आपली काय चूक झाली ते तिच्यात शोधू लागले. मी ग्लास खाली ठेवला, ‘येतो’ म्हणालो आणि चपला घातल्या.