स्लॅबच्या दिवशीचं ताट

आमचे हे, म्हणजे श्रावणराव, मारेगावात बांधकामावर मुकादम आहेत. एरवी माणूस खाण्याचा शौकीन. भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेतील. पण स्लॅबच्या दिवशी तोंडात घास नाही. आमच्याकडे स्लॅब टाकला की मालक मजुरांना जेवू घालतो. हे सगळ्यांना आग्रह कर-करून वाढणार आणि स्वतः पाण्यावर राहणार. मी आपली घरी ताट झाकून ठेवते, सकाळी ते शेजारच्या शेळीला जातं. आजवर तिच्या किती पिढ्या माझ्या हातचं खाऊन गेल्या, कोण जाणे.

याला कारण पांढरकवड्याचं एक लॉज. आमच्याकडची रीतच उलटी: आधी काँक्रीट, मग प्लंबर. लॉजचा स्लॅब झाला, प्लंबर पाइप घेऊन आला, तर वाटेत बीम. नवाकोरा बीम घणाने फोडावा लागला. मालकाने सगळ्या मजुरांदेखत यांच्या सात पिढ्या काढल्या. नकाशा इंजिनिअरचा, पाइप प्लंबरचा, आणि शिव्या तेवढ्या यांच्या! तेव्हापासून स्लॅब टाकताना यांना एकच प्रश्न जेवू देत नाही, आता काय राहून गेलं असेल.

लेक प्रियंका नागपूरला नोकरी करते. तिच्या कंपनीत इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये बांधतात. भिंती, बीम, नळ, वायरी, सगळं एकाच मॉडेलमध्ये. एक वस्तू दुसरीच्या आड आली की ती जागा लाल होते. आधी हे काम परदेशातल्या इमारतींचंच यायचं, आता आपल्याकडचे दवाखाने आणि कॉलेजंही मागतात म्हणे. यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. "ज्याले डोयानं घर दिसत नाही, त्यानं टीव्ही पाहावा," असं म्हणून मोकळे.

मग वस्तीच्या नव्या विहाराचं काम यांच्याकडे आलं. खाली बुद्धमूर्ती आणि वंदनेचा हॉल, वर पोरापोरींसाठी अभ्यासिका. लॉजचा मालक शिव्या देऊन गेला तो गेला. इथे मात्र चूक झाली तर मरेपर्यंत रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचं. स्लॅब आठवड्यावर आला आणि यांचं जेवण आत्तापासूनच अर्ध्यावर आलं. प्रियंका सुट्टीला घरी आली होती.

"बाबा, मले एकदा मॉडेल करून पाहू द्या."

"कायले? नकाशा हाय ना. इतके वर्षं का डोये मिटून बांधून राह्यलो?"

"मंग स्लॅबच्या दिवशी जेवत काहून नाही तुम्ही?"

यांनी खिशातून नकाशा काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिने जागेवर जाऊन जे जसं आहे तसं मोजून आणलं आणि नकाशासकट मॉडेलमध्ये भरलं. मग शकीलभाईंना बोलावलं. ते आमचे प्लंबर. स्लॅबच्या आधी त्यांना कोणी विचारल्याचं त्यांनाच आठवेना, त्यामुळे घरात कोणी आजारी आहे की काय असं समजून ते धावत आले. प्रियंकाने विचारलं, "चाचा, वरच्या संडासचा पाइप कुठून उतरवता?" त्यांनी बोट ठेवलं. बोटाखालची जागा लाल झाली: बीम! तिने पाइप जरा बाजूला सरकवला, लाल गेलं. चला, सुटलो, म्हणून मी चहा ठेवायला उठले.

शकीलभाई मात्र स्क्रीनवरून नजर हलवेनात. "बेटा, जरा खालून दाखव."

तिने चित्र फिरवलं. आता आम्ही जणू हॉलमध्ये उभं राहून वर पाहत होतो.

"श्रावणभाऊ," ते हळूच म्हणाले, "पाइप तं मूर्तीच्या मागून उतरून राह्यला. अन् संडास बरोबर मूर्तीच्या वर येऊन राह्यला."

मूर्तीचा चबुतरा नकाशात मधोमध होता. पण गेल्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक बसली: दार उघडलं की मूर्ती रस्त्यावरून दिसली पाहिजे, चबुतरा कोपऱ्याकडे घ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी दुसऱ्या दिवशी नव्या जागी चुन्याची खूण केली, प्रियंकाने तीच मोजून आणली होती. आणि इंजिनिअरला? कोणीच सांगितलं नाही. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि कळवायचं काम कोणीतरी करेल म्हणून सोडून द्यायचं, हे आमच्याच वस्तीला जमतं! कॉम्प्युटरला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्याच्या लेखी मूर्ती म्हणजे एक ठोकळा. पण वरचा मजला आणि खालचा हॉल दोन वेगळ्या कागदांवर होते, ते त्याने एकत्र दाखवले.

यांच्या कपाळावर घाम आला. "स्लॅब झाला असता तं म्या या वस्तीत राह्यलो नसतो," म्हणाले. मग एकदम लेकीकडे वळले. "पण अजून काही टाकलं नाही ना? हे सारं हवेतच हाय ना?"

"हवेतच हाय, बाबा."

तिने संडास उचलून पलीकडे, जिन्याच्या बाजूला नेऊन ठेवला. कुठेही लाल नाही. ज्या माणसाने घणाखाली बीम फुटताना पाहिला होता, तो एका बोटाने सरकलेल्या संडासकडे बघत बसला. "पुन्हा करून दाखव," म्हणाले. तिने पुन्हा दाखवलं. हे हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्यावर डोळे पुसायची वेळ आली. इंजिनिअरसाहेबांनी ते मॉडेल स्वतःकडे मागवून तपासलं, नकाशा बदलला आणि वेळीच कळवलं म्हणून आभारही मानले.

ठरल्या दिवशी स्लॅब झाला. मिक्सर थांबल्यावर विहाराच्या अंगणात पंगत बसली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वाढायला यावेळी शकीलभाई आणि प्रियंका. मी यांना शोधत होते, नेहमीसारखे पाण्याचा गिलास धरून कुठेतरी उभे असतील म्हणून. तर हे मजुरांच्या रांगेत मांडी घालून बसलेले!

"कांता, भाजी वाढ. अन् मीठ कमी हाय," मला बघून ओरडले.

इतक्या वर्षांत यांनी मिठावरून मला बोललेलं पहिल्यांदाच गोड लागलं. मी वाढत राहिले, हे खात राहिले. संध्याकाळी मी सवयीने ताट झाकायला गेले, तर घरी चूलच पेटवली नव्हती. शेजारची शेळी कुंपणाशी येऊन उभी होती. तिला म्हटलं, "जा बाई, आज तुझ्यासाठी काही उरलं नाही."