तुळशीरामभाऊंचा डाख

बंब दुरुस्त करायला घरी आले की तुळशीरामभाऊ आधी आमचं पाणी चाखायचे. ओंजळभर तोंडात घ्यायचे, डोळे मिटून जिभेवर फिरवायचे आणि मोरीत थुंकून निकाल द्यायचे, "खारं हाय. नळी चार वर्सं पुरंन." अकोल्याच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या बोअरला असंच पाणी. माझी बायको पहिल्यांदा माठातलं पाणी घेऊन आली, तर म्हणाले, "हे नाई, वयनी. बंब जे पेते, ते द्या."

मग अंगणात बंब आडवा पाडून ते त्याला पाय लावून बसत. लाकडी हातोडीने ठोकत, आणि आतून खाराच्या खपल्या अंड्याच्या टरफलांसारख्या गळत. मधल्या नळीचा, म्हणजे जिच्यात आपण जाळ करतो तिचा, जोड सुटला असेल तर डाख वितळवून त्यात भरत. हात चालू असताना तोंडही चालू. "वयनी, नवऱ्याले येखांद्या दिवशी चहा नाई देल्ला तरी चालते, पन नळीतली राख रोज काढत जा." निघताना मात्र हसत नसत. "पह्यले पानी, मंग इस्तो. हे उलटं झालं त डाख पाघयते. मंग मले बलावू नका."

मी नेमकं तेच उलटं केलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी नवा डाख लावून आठ दिवस झाले होते. बायको माहेरी, अमरावतीला गेली होती. मला शाळेत लवकर पोचायचं होतं. मी नळीत कपाशीच्या पऱ्हाट्या भरून पेटवल्या आणि पाणी ओतायचं राहिलं म्हणून बादली आणायला निघालो, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. बोलणं लांबलं. परतलो तेव्हा बंब तडतडत होता. घाबरून मी बादलीभर गार पाणी आत ओतलं. नळीचा जोड उघडला, पाणी जाळावर पडलं आणि न्हाणीघरभर राखेचा चिखल झाला.

आवाज ऐकून शेजारच्या शोभावहिनी धावत आल्या. "काय झालं, भाऊजी?"

"तुळशीरामभाऊंनी डाख कच्चा लावला," मी म्हणालो. का म्हणालो? चाळिशी ओलांडलेला मास्तर साधा बंब पेटवू शकत नाही, हे त्यांना कळू नये म्हणून. एवढंच कारण होतं.

दुपारी तुळशीरामभाऊ आले. काळीनिळी पडलेली नळी त्यांनी उजेडाकडे धरली. वहिनी कुंपणापाशी उभ्याच होत्या.

"मास्तर, पानी होतं नं बंबात?"

"होतं."

त्यांनी पुन्हा नळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनता त माहा हात चुकला असंन," असं म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी पाणी चाखलं नाही.

म्हाताऱ्याचा हात गेला, ही गोष्ट कॉलनीत पसरायला आठवडा पुरला. लोक बंब दुसरीकडे नेऊ लागले. दोन हिवाळे त्यांनी वाट पाहिली, मग ते बडनेऱ्याला मुलीकडे राहायला गेले. मी दर हिवाळ्यात जायचं ठरवत होतो. गेलो तो पाच वर्षांनी.

ते ओट्यावर ऊन खात बसले होते. मी सगळं सांगितलं. मान खाली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मी पाहिला नाही.

"मले कावून सांगून राह्यले?" ते म्हणाले. "मले त नळी पाह्यल्याबरुबर समजलं होतं. ज्याइले मालूम नाई, त्याइले सांगा नं."

पुढच्या रविवारी मी कॉलनीतली घरं फिरलो. लोक हसले, चहा देऊ लागले. "एवढ्यासाठी आलात, मास्तर?" आता सगळीकडे गीझर होते. फक्त शोभावहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, साऱ्याइले मीच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी पॅसेंजरने माझ्याबरोबर बडनेऱ्याला आल्या.

त्यांनी हात जोडले, तेव्हा तुळशीरामभाऊ मध्येच म्हणाले, "ते जाऊ द्या, बाई. तुमचा बंब कसा हाय? तोटी गळे त्याची."

"तो मोडीत दिला, काका."

"मोडीत?" म्हातारा ओट्यावरून उठून उभा राहिला. "तुमच्या सासूचा बंब होता थो! जाड पत्र्याचा! अस्सल तांबं! आता भेटते काय तसं? अक्कल गहान ठेवली होती काय, बाई?" आतून मुलगी धावत आली. त्यांचा श्वास लागला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि वहिनी खाली मान घालून ऐकून घेत होत्या.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. इतकं चिडलेलं मी त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं. त्या दिवशी वहिनींना बोलून झाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं, शाळेचं विचारलं, मुलीला चहा टाकायला सांगितलं. मी वाट पाहत होतो. मला ते एका शब्दानेही रागावले नाहीत.